अनुभव धागा: मुलांना गाण्या-वाजवण्याची कुठली शिकवणी लावावी? (कोल्हापूर)

धागाकर्ती
जून उजाडला की राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत पालकांचा एकच प्रश्न: क्लास कुठला लावू? पत्ता आणि फी सगळेच विचारतात. शिकवणी एकट्याची की गटातली, परीक्षेची की बिनपरीक्षेची, समोरासमोर की मोबाईलवर, हे फारसं कुणी विचारत नाही. जाणकारांनी इथं लिहावं. 'आमच्या वेळी' नको आणि क्लासची नावंही नकोत. काय बघायचं, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढं सांगा.

षड्ज (गायन)
एका तासाच्या वर्गात बारा मुलं असली तर दहा मिनिटं हजेरी आणि गोंगाटात जातात, वीस मिनिटं सगळ्यांचे मिळून अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे. उरलेल्या अर्ध्या तासात एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. पहिल्या वर्षी त्यानं फार बिघडत नाही. सात-आठ वर्षांचं मूल गटात लाजत नाही, हातावर ताल धरायला लागतं, भूप-दुर्गा रागांच्या सरगमी पाठ होतात. आलाप सुरू झाला की मात्र गट तीन-चारच्या वर नको. आलापात प्रत्येकाची चूक वेगळी असते. कुणाचा गंधार उतरतो, कुणी पंचमावर खालून घसरत येतो, कुणाचा श्वास स्वराच्या मधेच संपतो. सगळे एकदम गायले की हे सगळं झाकून जातं.

क्लास बघायला जाल तेव्हा कान पेटीकडे ठेवा. शिकवणारे प्रत्येक स्वर मुलाच्या बरोबरीनं वाजवत असतील तर मूल पेटीच्या मागून गातं. पेटी मिटवून नुसत्या तानपुऱ्यावर सा लावायला सांगा, मग पंचम, मग परत सा. परतीचा सा जागेवर आला तर शिकवणी बरी चाललीय.

आता पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते. मिश्र गटात सरसकट काळी चार किंवा पाचला (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी सा धरून) गायला लावतात. मुलींना आणि लहान मुलग्यांना ते चालतं. तेरा-चौदाच्या मुलग्याचा आवाज फुटायला लागला की चालत नाही. तो तार सा गाठायला गळा आवळतो, मान वर करतो, आणि ती सवय आवाज स्थिरावल्यावरही जात नाही. अशा वेळी पट्टी उतरवायची, हलक्या आवाजात खर्जाकडे, खालच्या स्वरांत, दहा-पंधरा मिनिटं गायचं, ताना बंद. गटात एकट्यासाठी पट्टी बदलत नाहीत, म्हणून तेवढ्या काळापुरती स्वतंत्र शिकवणी घ्या.

डग्गा (तबला)
षड्जताई, पहिलं वर्ष गटात हे गाण्यापुरतं ठीक. तबल्यात उलटं आहे. पहिले सहा महिनेच एकेकट्याचे हवेत, कारण हात तेव्हाच बसतो. 'ना' वाजवताना तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली राहते. ती टेकली नाही तर नुसता 'टक' असा कोरडा आवाज येतो, जास्त दाबली तर आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, मरते. दहा तबले एकदम वाजत असताना हा फरक कुणाला ऐकू येणार? नंतरही एकावेळी जास्तीत जास्त चार मुलं, आणि तबले एका पट्टीत लावलेले हवेत. वेगवेगळ्या पट्टीतले तबले एकत्र वाजले की मुलाला स्वतःचा बोल ओळखू येत नाही.

पहिल्या दिवसापासून तोंडानं बोल म्हणत हातावर टाळी-खाली धरायला लावतात का ते बघा. तीनतालात सोळा मात्रा, खाली (टाळी न देता हात बाजूला करायची जागा) नवव्या मात्रेवर. हे तोंडी पक्कं नसताना कायदा (बोलांची ठरलेली रचना) सुरू केला की दुप्पट लयीत मूल सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकवतं आणि चूक हातात शोधत बसतं.

घरी तबला-डग्ग्याची जोडी नसेल तर क्लास लावू नका, आठवड्यातल्या दोन तासांवर हात तयार होत नाही. साडेपाच इंच तोंडाचा तबला साधारण काळी एकच्या आसपास लागतो. मुलाला गाण्याच्या साथीला बसवायचं असेल तर पट्टी विचारून मगच घ्या. आणि आपल्याकडचा पाऊस! जुलै-ऑगस्टमध्ये पुडी (वरचं कातडं) ओल धरते आणि स्वर उतरतो. पालक गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून तो चढवतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच ताणलेली पुडी तडकते. पावसाळ्यात गट्टे जरा सैलच असू देत, तबला सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा.

मंगळवार पेठकर
जयपूर घराण्याचाच गुरू हवा का? त्या घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला इथं होते, मग कोल्हापुरात दुसरं कशाला, असं घरी वडीलधारे म्हणतात.

षड्ज (गायन)
दादा, त्या घराण्याची खासियत म्हणजे जोडराग (दोन रागांचा मिलाफ), अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग आणि लयीला धरून चालणारी पेचदार तान. ते यायला अजून बरीच वर्षं आहेत. स्वर लावणं, श्वास, यमन-भूप कुठंही तेच. नवशिक्यानं घराणं शोधत बसू नये, शिकवणारा चूक कुठं झाली ते बोट ठेवून सांगतो का, ते बघावं. बाकी घराण्याची ओळख कानावरून होऊ दे. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून गावात आहे, मैफलीला मुलाला घेऊन जा. तास-दीड तास बसवा, कंटाळला की उठा.

परीक्षावाला
गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा आणि विशारद प्रत्येकी दोन टप्प्यांत, शेवटी अलंकार अशा चढत्या आहेत. सत्रं वर्षाला दोन, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. परीक्षेचा क्लास वाईट नसतो, शिस्त लागते. बिघडतं ते घाईनं. अभ्यासक्रमातला प्रत्येक राग एक बंदिश, ठरलेले आलाप आणि वहीत लिहून दिलेल्या ताना एवढ्यावर उरकला जातो. परीक्षकानं 'याच रागात एक नवीन आलाप घे' म्हटलं की मूल गप्प. म्हणून भेटीच्या वेळी मध्यमेच्या मुलाला वही मिटवून तोच राग दोन मिनिटं गायला सांगा.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून आठवीत धावत येणारे पुष्कळ. कुठली परीक्षा किती अगोदर उत्तीर्ण हवी याचा चालू वर्षाचा नियम शाळेच्या कार्यालयात बघून मगच ठरवा. सुरुवात पाचवी-सहावीत झाली तर मधली एखादी परीक्षा सोडून देता येते. आठवीत आलेल्याला ती सवड नसते.

पेटीवाले काका
नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात लोक अजून विचारतात, "पेटी आणि कीबोर्ड एकच ना?" पट्ट्या सारख्या दिसतात, शिकवणी वेगळी. पेटीत डावा हात भात्यावर असतो, सूर भात्यावर जिवंत राहतो. भाता झटक्यानं ओढला की सूर हेलकावतो. लहान मुलाला आधी एकाच स्वरावर सलग, सारख्या दाबानं भाता घालायला शिकवतात. कीबोर्डवर दोन्ही हात वाजवतात, डाव्यानं कॉर्ड. मुलाला गाण्याची साथ करायची असेल तर पेटी, पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर कीबोर्ड.

कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा घ्या. त्यातलं तयार रिदम आणि साथीचं बटण पहिलं वर्ष बंद ठेवायला सांगा. ते चालू असलं की मूल एका बोटानं सिनेमाचं गाणं वाजवतं, घरचे टाळ्या वाजवतात आणि बाकीची बोटं तशीच राहतात. पेटीला सव्वातीन सप्तकं, ३९ पट्ट्या पुरेत. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्यांची फळी सरकवून सा बदलता येणारी पेटी, नवशिक्याला नको. फळी सरकवून काम भागलं की मूल दुसऱ्या पट्टीची बोटं शिकतच नाही.

करवीर तालुका
आमच्या गावाकडं भजनी मंडळाची शिकवणी फुकट असती, रात्री जेवणं झाली की देवळात. तिला कमी लेखू नका राव. टाळावर लय पक्की होती, अभंग पाठ होत्यात, शंभर माणसांपुढं तोंड उघडायला पोरगं भीत न्हाई. पखवाज शिकायचा तर यापरास चांगली जागा न्हाई. डाव्या तोंडाला कणीक लावायची ते पोरगं पहिल्यांदा तिथंच शिकतंय. घट्ट मळली तर वाजवता वाजवता निघून पडती, सैल झाली तर पसरती आणि घुमारा जातो. थोडी थोडी लावत, थाप मारून बघत वाढवायची. वाजवून झाल्यावर लगेच खरवडून काढायची, न्हाईतर वाळून कातडं खराब होतंय.

षड्जताईंचं पट्टीचं म्हणणं मात्र आमच्याकडं जास्तच लागू. मोठी माणसं पांढरी चार-पाचला चढवून म्हणत्यात. आवाज फुटलेल्या पोराला टाळ नाहीतर पखवाज द्या, कोरसात ओरडायला लावू नका.

दूरस्थ
चंदगड, आजऱ्याहून रोज येणं शक्य नाही त्यांच्यासाठी. ऑनलाइन शिकवणीत आवाज उशिरा पोचतो, म्हणून दोघांनी एकदम गाणं-वाजवणं जमत नाही. शिकवणाऱ्यानं म्हणायचं, थांबायचं, मग मुलानं. तानपुरा किंवा लेहरा (तालाची आवर्तनं दाखवणारी सुरावट) मुलाच्या घरी दुसऱ्या मोबाईलवर लावा, गुरूच्या बाजूनं नको. झूममध्ये गोंगाट दाबण्याची सोय तानपुऱ्याची आस गोंगाट समजून कापते. 'ओरिजिनल साउंड' चालू करा. इअरफोन वायरचे घ्या. तबल्याला कॅमेरा वरून, दोन्ही हात दिसतील असा. सतार आणि व्हायोलिनची बैठक आणि पकड पहिले काही महिने समोरच शिकावी, कॅमेऱ्यात मनगटाचा कोन कळत नाही. ती बसली की महिन्यात एक भेट आणि बाकी ऑनलाइन चालतं. सतार विकत घ्यायची झाली तर सतारी बनवणारं मिरज जवळच आहे. मुलाला सोबत न्या, मांडीवर घेऊन वरच्या पडद्यापर्यंत हात पोचतो का ते बघूनच घ्या.

धागाकर्ती
फीबद्दल कुणी लिहिलं नाही!

डग्गा (तबला)
आकडा पेठेगणिक बदलतो, ताई. आधी विचारायचं ते हे: फी महिन्याची की तासांची, पाचव्या आठवड्याचा तास धरलाय का, गणपतीची आणि शाळेच्या परीक्षेची सुट्टी भरून देतात का, आणि आपण न आल्यास तास बुडतो का. पहिली फी एकाच महिन्याची भरा. वर्षाची एकदम भरली की न जमणाऱ्या क्लासला मूल मार्चपर्यंत जात राहतं.