सीनमधला टीव्ही खराच चालू ठेवावा, की चित्र नंतर बसवावं?

सोप्यातला
औसा तालुक्यात एका माळवदाच्या घरात आमच्या शॉर्टफिल्मचं शूट आहे. गोष्ट १९९३ ची. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याच्या काही दिवस आधीची संध्याकाळ. आजी आणि नातू टीव्ही बघत बसलेत, बास. भंगारातून १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट डबा आणला आणि तो चक्क चालू झाला. टेस्ट घेतली: आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं तोंड एफ २.८, म्हणजे बरंच उघडं. आजीचा चेहरा झकास, टीव्हीच्या जागी पांढरं भगदाड. पडदा चेहऱ्यापेक्षा चार स्टॉप वर, म्हणजे सोळा पट उजळ (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

युनिटातले म्हणतात, पडदा बंद ठेव, चित्र एडिटला बसवू. मला हे अजिबात पटत नाही. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर थरथरतो, त्यावर तर सीन उभा आहे. खोलीत दिवे वाढवायचे, लेन्सचं तोंड बारीक करून एफ ५.६ ला न्यायची, पडदा आपोआप खाली येतो. चूक असेल तर सांगा.

एडिटला_भेटू
चूकच आहे. पडद्यावर काय दाखवणार? जुनं दूरदर्शनचं फुटेज असेल तर हक्क मिळालेत का? नाही मिळाले तर सगळा सीन परत. पडदा काळा ठेवा, चेहऱ्यावर छोटं एलईडी पॅनेल लुकलुकवा, चित्र नंतर निवांत बसवा. तिकडे शूटवर चालू पडद्यावर पट्ट्या सरकतात, इकडे आम्ही रात्री जागतो.

सोप्यातला
फुटेज आम्हीच बनवलंय, बातम्या वाचणारी बाई आमच्या मावशी आहेत. पट्टीचं म्हणाल तर ती आलीच होती. प्लेअर एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर होता, सेकंदाला ६० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धं चित्र). व्ही-होल्डचं, म्हणजे वर-खाली सरकणारं चित्र थोपवायचं बटण पिळून चित्र थांबवलं तरी कॅमेऱ्यात पट्टी वर चढायची. प्लेअर पालवर घेतला (भिंतीवरची नव्हे, आपल्याकडची टीव्ही पद्धत, सेकंदाला ५० फील्ड), कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमला, शटर १/५० सेकंद. पट्टी गेली. २४ फ्रेमच घ्यायच्या असतील तर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा, तेही १/५० च होतं.

उजेडकरी
चालू टीव्हीच्या बाजूने माझं मत, पण एफ ५.६ ला नाही. तेवढा उजेड माळवदात भरलात की संध्याकाळ कुठली, लग्नाचा मांडव होईल. आधी डब्याचीच बटणं बघा. सगळे ब्राइटनेस कमी करतात आणि काळा भाग गिळला जातो. जुन्या डब्यावर पांढरं खाली आणायचं तर कॉन्ट्रास्ट कमी करायचा. एलसीडी असता तर बॅकलाइट, पण तिथे फार खाली गेलं की काही टीव्हींचा बॅकलाइटच कॅमेऱ्यात लुकलुकतो. पडदा चेहऱ्यापेक्षा दीड-दोन स्टॉप वर राहिला तरी पुरे, टीव्हीनं थोडं चमकायलाच हवं.

फुल_अंधार
मी तिसऱ्याच पार्टीचा. जळू द्या की पडदा! प्रेक्षक आजीकडे बघणार, बातम्यांकडे कोण बघतंय?

उजेडकरी
चौकटीतल्या सगळ्यात उजळ जागेकडे डोळा आधी जातो हो. जळलेला पडदा असेल तर आजी विसरा.

लातूरचा_लाइटवाला
ओ मालक, कशाला एवढं करालाव? आमच्या मामाच्या घरी ब्लॅक अँड व्हाइटच्या म्होरं निळं प्लास्टिक अडकवलेलं असायचं, कलरवानी दिसतंय म्हणून. तसंच ०.६ एनडीचं जेल, म्हंजे उजेड कापणारं करडं प्लास्टिक, काचेवर लावा. उजेड चौथाई होतंय, म्हंजे दोन स्टॉप. अन् खोलीतल्या बल्बचा उजेड काचेवर जाताना एकदा, माघारी येताना एकदा, असा दोनदा कापला जातंय, म्हणून काळं बी काळं ऱ्हातंय. फक्त जेलमधी फुगं ठेवू नका.

एडिटला_भेटू
जेलवर बल्बची चमक आली की माझ्याकडेच याल.

लातूरचा_लाइटवाला
डबा जरा वाकडा करायचा. चमक जातीय.

सोप्यातला
जेल लावून बघितलं. कॉन्ट्रास्ट थोडा उतरवला, वर ०.६, लेन्स २.८ लाच. मावशींच्या पदराची किनारसुद्धा दिसते. एफ ५.६ चं मागे घेतो.

एडिटवाल्या दादांना एकच सांगतो. सीनच्या शेवटी लाइट जाते. जुना डबा बंद होताना चित्र आकसून मधोमध ठिपका होतो आणि हळूच विझतो, तो मला हवाय.

एडिटला_भेटू
ठिपका दहा मिनिटांत बनवून देतो.

सोप्यातला
द्याल हो. पण आमचा नातू सात वर्षांचा आहे, त्यानं तो ठिपका जन्मात बघितलेला नाही. टेस्टला विझला तेव्हा पोरगं उठून काचेला बोट लावायला गेलं. पॅनेलकडे बघून हे त्याच्याकडून कसं करवून घेऊ?

एडिटला_भेटू
बरं. तरी एक टेक पडदा बंद ठेवून घ्या, माझ्यासाठी.

सोप्यातला
घेतो.

लातूरचा_लाइटवाला
मग टीव्ही अन् बल्ब एकाच बोर्डावर घ्या, म्हंजे संगटच जातील. पोराला सांगू नका. बटण मी दाबतो.