स्कोर शून्य आला म्हणून पोरगं घरी?

रात्रपाळी: काल इथे एव्हिडन्सभाऊंनी लिहिलं की मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, बॅक्टेरियाची आहे का ते सांगणारा स्कोर शून्य आला की अँटिबायोटिक बंद करा नि डिस्चार्ज द्या, उगाच सेफ्ट्रायक्झोन ठोकत बसणं म्हणजे लूट. डोकंच फिरलं. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून बघायची तपासणी) निगेटिव्ह, सीएसएफमध्ये (पाठीतल्या पाण्यात) न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, १०००च्या खाली, प्रोटीन ८०च्या खाली, रक्तात न्यूट्रोफिल १०,०००च्या खाली आणि झटका (फिट) नाही, तर शून्य. मान्य. पण आधीच अँटिबायोटिक घेतलेलं पोर त्या स्कोरमध्ये बसतच नाही! आणि तालुक्याहून कोरं पोर येतं कधी? तीन दिवस सिरप, वर दोन इंजेक्शनं, कसली ते चिठ्ठीवर नाही.

एव्हिडन्सभाऊ: स्कोरवरचा पेपर वाचलात का? २००७, अमेरिकेतली २० सेंटर, ३२९५ मुलं, त्यात बॅक्टेरियल मेनिंजायटिस १२१. लो रिस्क निघालेल्या १७१४ मध्ये बॅक्टेरियल असून नजरेतून सुटले फक्त २, तेही दोन महिन्यांच्या आतले. तुमच्या 'अनुभवा'पेक्षा बरंय.

गावातला_डॉक्टर: कसली ते चिठ्ठीवर नाही म्हणे! रात्री अकराला पोर तापाने फणफणलेलं, मान ताठ, अँब्युलन्स यायला दीड तास. पहिला डोस न देता पाठवू? मी दिला, नाव-वेळ लिहून दिली, तरी तुमच्या कॅज्युअल्टीत "कुणी मारलं हे इंजेक्शन" म्हणून माझा उद्धार, तोही नातेवाइकांसमोर.

अन्वीची_आई: मग स्कोरनेच भागत असेल तर पाठीत सुई का घालता?

रात्रपाळी: ताई, स्कोर काढायलाच पाठीतलं पाणी लागतं.

अन्वीची_आई: हे तेव्हा कुणी सांगितलं नाही! नुसतं "सही करा". सासूबाई दारात, पाणी काढलं की पोर लुळं पडतं म्हणून रडतायत. दोन तास गेले त्यात. शेवटी एका नर्सताईंनी माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं की मज्जारज्जू वर संपतो, सुई खाली जाते. आठ महिन्यांची पोर मुटकुळं करून धरलेली, बाटलीत थेंब पडले ते तांदळाच्या धुवणासारखे. तेव्हा कुठे सासूबाई गप्प.

एव्हिडन्सभाऊ: विषय स्कोरचा होता, सासूबाईंचा नाही.

गावातला_डॉक्टर: विषय सासूबाईंचाच आहे साहेब. सही मिळत नाही तिथे तुमचा पेपर काय उकडून खायचा? आणि टीबीचा मेनिंजायटिस? तो हळू चढतो, त्यात शून्यावर विसंबून घरी पाठवलं की गेलंच.

एव्हिडन्सभाऊ: बरं बाबा. आधी औषध घेतलेलं, दोन महिन्यांच्या आतलं, टीबीचा संशय असलेलं पोर सोडून. खूश? मग उरलं कोण?

रात्रपाळी: तेच तर कालपासून विचारतोय. आणि गावातले डॉक्टर, तुमची नाव-वेळवाली चिठ्ठी मला चालेल, पण अक्षर तेवढं लागेल असं काढा.