मदत हवी आहे: ‘फसवलं’ला इंग्रजीत नेमका कोणता शब्द?

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीला ‘बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज कापू’ असा फोन आला. त्या माणसानं मोबाईलवर ॲप टाकायला लावलं आणि खात्यातून ४८,००० रुपये गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, पोलिसांत मराठीत तक्रारही दिली. आता बँक इंग्रजीत लेखी हकीकत मागतेय, म्हणून कृपया कायद्याचा सल्ला नको, फक्त भाषेची मदत हवी.

शब्दकोशात चीट, डिसीव्ह, ट्रिक, ड्यूप, डिफ्रॉड, सगळ्यांसमोर ‘फसवणे’च! मला एवढं उमगलंय: डिसीव्ह म्हणजे खोटं खरं भासवणं, त्यात पैसे जायलाच हवेत असं नाही, डिफ्रॉडमध्ये लुबाडणूक येते. चीट परीक्षेतल्या कॉपीलाही चालतं, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये शब्द ‘चीटिंग’च आहे. ‘फूल्ड’ मी मुद्दाम टाळलाय. मावशी आधीच स्वतःला दोष देतेय, अर्जात तरी ती मूर्ख दिसायला नको.

तिचं वाक्य असं: “त्यानं मले बोलण्यात गुंतवून ॲप टाकाले लावलं.” यात ‘लावलं’ फार महत्त्वाचं आहे. तिनं आपणहून काही केलेलं नाही.

मी लिहिलंय: ‘आय वॉज ट्रिक्ड इनटू इन्स्टॉलिंग ॲन ॲप अँड डिफ्रॉडेड ऑफ ४८,००० रुपीज.’ अर्ज परवा द्यायचाय. इथे ‘ट्रिक्ड’ फार हलका, गमतीचा वाटतो का? तसं असेल तर ‘डिसीव्ड इनटू’ चालेल का, आणि डिफ्रॉडेडपुढे ‘ऑफ’च येतं ना?