हळू घोटून रिकोशे येत नाही (मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्सर्टो, ई मायनर)
वर दोघांनी म्हटलंय की क्रॉइट्झरचे ४२ एट्यूड (व्हायोलिनच्या सरावाचे तुकडे) झाल्याशिवाय मेंडेल्सनच्या कॉन्सर्टोला (ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायच्या एकल रचनेला) हात लावू नये, आणि काहीही अडलं तरी मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून घोटत बसावं. एट्यूडबद्दल सहमत, निदान १३वा आणि डबल स्टॉपचे (दोन तारा एकदम वाजवण्याचे) तरी हवेतच. पण पहिल्या मुव्हमेंटच्या कडेंझातल्या (साथीशिवाय एकट्याने वाजवायच्या भागातल्या) रिकोशेला, म्हणजे बोच्या एकाच ओढीत उसळत्या स्वरांना, 'हळू घोटा' लागू पडत नाही. तिथे बो (गज) स्वतःहून उसळायला हवा आणि संथ लयीत तो उसळतच नाही. मग आपण तो मनगटाने उचलून टाकायला लागतो, आणि ती क्रियाच वेगळी. मी तीन महिने नेमकी तीच पक्की करत होतो.

सुटलं ते असं: डावा हात पूर्ण बाजूला. फक्त चार मोकळ्या तारा, बोचा मध्य (माझ्या बोला मध्यापासून दोन बोटं टोकाकडे), करंगळी सैल आणि जी तारेपासून ई तारेपर्यंत कोपर एकाच वळणात खाली. उसळीची स्वतःची लय सापडेपर्यंत एवढंच, रोज दहा मिनिटं. डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र धरायचे स्वर) वेगळे बसवले, सगळी बोटं एकदम ठेवून. ते मात्र अगदी हळू. आणि हा भाग साथीबरोबर नक्की वाजवून बघा. मेंडेल्सनने कडेंझा शेवटी न ठेवता मध्येच घेतलाय, त्यामुळे ऑर्केस्ट्रा मूळ धून घेऊन परत येतो तेव्हा आपले अर्पेजिओ (कॉर्डचे एकामागून एक वाजवलेले स्वर) चालूच असतात. तिथे उसळ त्या धुनेच्या लयीत बसवावी लागते, माझी अजून दोन मात्रा पुढे पळते.