मदत हवी आहे: दैनिकाच्या कचेरीत बसून संशोधन करायचंय, संपादकांच्या अटींचं काय करू?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये राहून माध्यमांवर पीएचडी करते आहे. विषय जिल्हा आवृत्तीचा. तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेली बातमी कचेरीतल्या संपादनाच्या डेस्कवर कशी बदलते, जाहिरात विभागाचा हात त्यात कुठे लागतो, डाक आवृत्तीतली (बाहेरगावी पाठवायला आधी छापतात ती) बातमी शहर आवृत्तीत टिकते की उडते, हे पाहायचंय. मुलाखतीत प्रत्येक संपादक सांगतात की आमच्याकडे बातमी वेगळी, जाहिरात वेगळी. पण रात्री पान लागत असताना अचानक अर्धं पान जाहिरात आली की आधी कोणती बातमी उचलली जाते, ते तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.

एका दैनिकाच्या निवासी संपादकांनी मनापासून होकार दिलाय. अटी दोन. सिडको, पंचवटी आणि गंगापूर रोड भागातल्या तरुण वाचकांची पाहणी करून द्यायची: घरी पेपर येतो का, आला तर कोण उघडतं, बातमी आधी मोबाइलवर कुठे दिसते. आणि प्रबंधातलं त्यांच्या दैनिकावरचं प्रकरण आधी दाखवायचं, त्यांनी मान्य केलं तरच ठेवायचं.

पाहणी मी आनंदाने करेन. द्राक्षावर संशोधन करणारा बागाईतदाराच्या बांधावर जातो आणि त्याच्या उपयोगाचं काही सांगून येतो, मग आपण का नाही? मान्यतेची अट मात्र घशाखाली उतरत नाही.

त्याहून जास्त काळजी वार्ताहरांची आहे. मी ज्यांच्याशी बोलले त्यांना पगार नाही, मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी ज्या पतसंस्थेकडे जाहिरात मागायची, तिच्याच कारभाराची बातमी करायची वेळ येते. विश्वासाने सांगतात हो सगळं. पण तालुक्याला त्या दैनिकाचा वार्ताहर एकच. नाव बदलून 'येवल्याचा वार्ताहर' लिहिलं तरी कचेरीत सगळ्यांना कळणार. 'द्राक्षपट्ट्यातला' म्हटलं तर निफाड नाहीतर दिंडोरी.

मार्गदर्शक म्हणतात, हे सोड, फाळक्यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीवर काम कर. १९१८ साली सुरू झालेली नाशिकची कंपनी, कागदपत्रांवर भागेल. विषय मोलाचा आहे, पण मला आजच्या जिवंत माणसांचं काम समजून घ्यायचंय.

असा करार कुणी केलाय का? शब्द कसे घातले? माणसं कशी झाकली?

डेस्कवरचा
ताई, मी बरीच वर्षं रात्रपाळीला काढली आहेत. पाहणी आणि प्रबंध यांचे दोन वेगळे कागद करा. पाहणीचा अहवाल त्यांचा, प्रबंध तुमचा. प्रकरण वाचायला जरूर द्या, पण कागदावर लिहून घ्या की तथ्यातली चूक दाखवावी, पंधरा दिवसांत लेखी कळवावी, निष्कर्ष तुमचेच राहतील. 'मान्यता' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. संपादक बदलले की तोंडी शब्द उरत नाही. सही शक्यतो व्यवस्थापनाचीही घ्या. आणि लवकर उरका. २०२७ च्या सिंहस्थाची धावपळ वाढली की तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ मिळणार नाही.

गोदाकाठ
वार्ताहरांना कचेरीत भेटूच नका, आणि त्यांची नावं संपादकांकडून मागवू नका. कोण बोललं याची यादी तिथे तयार होता कामा नये. तीन-चार दैनिकांचे वार्ताहर घ्या, म्हणजे एका दैनिकावर बोट जाणार नाही. तालुका लिहूच नका, वय आणि पीकही गाळा. एखादा प्रसंग एवढा ओळखीचा असेल की झाकता येत नाही, तर तो त्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याने नको म्हटलं तर सोडा. मान्यतेचा हक्क द्यायचाच असेल तर तो त्याला द्या.

आकड्यांसाठी दैनिकावर अवलंबून राहू नका. खपाचे दावे प्रकाशक दरवर्षी केंद्राच्या प्रेस निबंधकांकडे देतात. शासकीय जाहिराती कुणाला किती गेल्या, ते माहिती अधिकारात विचारता येतं.

आणि आत प्रवेश नाहीच मिळाला तरी काम बुडत नाही. मानववंशशास्त्रज्ञ हॉर्टेन्स पॉवडरमेकर १९४६-४७ मध्ये हॉलिवूडच्या अभ्यासाला गेल्या, तेव्हा त्यांचा भर मुख्यतः मुलाखतींवरच होता.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दोन कागदांचा मसुदा याच आठवड्यात करते. एक शंका राहिली: वार्ताहराने होकार दिला, पण पुढे कचेरीत त्याच्यावर संशय आला आणि त्याने सगळं मागे घ्यायला सांगितलं, तर किती उशिरापर्यंत ते मान्य करायचं? प्रबंध सादर होईपर्यंत असं संमतीपत्रात लिहू का? कुणाकडे मराठीतला साध्या भाषेतला नमुना असेल तर कृपया इथे टाका. माझ्याकडचा इंग्रजी आहे आणि तो वाचताना माणसं आधीच बिचकतात.