'कामधेनू' म्हटलं की आपण हिशोब विचारायचा थांबतो का?

राजारामपुरीकर: मामांनी गेल्या वर्षी दोन लाख एका 'कामधेनू' नावाच्या आभासी (क्रिप्टो) नाण्यात घातले. हॉलमध्ये एजंट सांगत होता, ही गाय दर आठवड्याला दूध देणार. मामा शेतकरी. गाय व्यायल्याशिवाय, चारा घातल्याशिवाय दूध देत नाही हे जन्मभर बघितलेला माणूस त्या दिवशी विसरला. पैसे बुडाले. माझं मत: पुराणातलं नाव व्यवहारात आलं की माणूस हात जोडतो, प्रश्न विचारत नाही. जगभर हेच चाललंय. बिटकॉइनचा 3 जानेवारी 2009 चा पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, 'जेनेसिस', म्हणजे बायबलातली 'उत्पत्ती'. लूना हे असंच दुसरं नाणं, नाव रोमन चंद्रदेवतेचं. मे 2022 मध्ये ते नाणं 80 डॉलरच्या आसपास होतं, आठवड्याभरात सेंटच्याही खाली गेलं.

गुजरी_कारागीर: भावा, मामांचं लई वाईट वाटलं. पण लूना नावामुळं पडलं नाही. त्याच्या जोडीचं नाणं एका डॉलरला बांधलेलं होतं, आणि तो भाव टिकवायला नवं लूना काढत राहायचं अशी रचना होती. सगळे एकदम बाहेर पडायला लागले आणि लूनाचा पूर आला. नावाचंच म्हणशील तर आमचा कोल्हापुरी साज बघ. 21 पानं, त्यात दहा दशावताराची. मत्स्याच्या पानावरचं खवलं कोरताना श्वास धरावा लागतो. गिऱ्हाईक ते पान कपाळाला लावतं आणि लगेच विचारतं, वजन किती, मजुरी किती, मोडीला घट किती?

राजारामपुरीकर: साज काट्यावर ठेवता येतो, दादा. मामांच्या नाण्याला काटा कुठला?

रंकाळ्याकाठची: काटा असतो, मागायला पाहिजे. मी याच क्षेत्रात काम करते. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर निघणार नाहीत, हा नियम कुणीही कोडमध्ये तपासू शकतं. आणि काही नावं खरंच समजावतात. डेल्फीला अपोलोची पुजारीण कौल द्यायची, अशा कौलाला इंग्रजीत म्हणतात 'ओरॅकल'. ब्लॉकचेनला, म्हणजे या नाण्यांच्या सामायिक नोंदवहीला, बाहेरचं दिसत नाही, सोन्याचा आजचा दरसुद्धा नाही. तो आणून देणारी व्यवस्था म्हणजे ओरॅकल. कौल चुकला तर त्यावरचा करारही चुकतो, हा धोका नावातच आहे.

राजारामपुरीकर: ताई, तुम्ही कोड वाचता म्हणून तुम्हाला ते कळतं. मामांना कामधेनू कळली ती आजीच्या गोष्टीतून. त्याच ओळखीचा फायदा घेतला त्या माणसानं.

मंगळवार_पेठ_आजोबा: गोष्ट अर्धी सांगितली म्हणून फसले, बाळा. वसिष्ठांची गाय राजा विश्वामित्रानं जबरदस्तीनं न्यायला बघितली आणि त्याचं सगळं सैन्य गेलं. समुद्रमंथनात लक्ष्मी वर आली, पण आधी हलाहल निघालं. नावं वापरू देत, पण पुरी गोष्ट सांगायला लावा.

रंकाळ्याकाठची: आजोबा, हे पटलं. पण विकणारा ती सांगणार नाही, ऐकणाऱ्यालाच आठवावी लागेल.

राजारामपुरीकर: मामांना तुमचा निरोप सांगतो, आजोबा. कारागीरदादा, रविवारी त्यांना घेऊन गुजरीत येतोय. मामींचा साज मोडायचाय. वजन तुम्हीच करा.