बडतर्फीच्या प्रकरणात मालकाची बाजू मांडताना सदोष चौकशीचे काय करावे?

प्रश्न (नवोदित वकील, चिंचवड):
कंपन्यांची कामगार न्यायालयातील प्रकरणे चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे मी 2 वर्षांपासून काम करीत आहे. चाकणच्या एका कारखान्याने 2023 मध्ये पर्यवेक्षकाला धक्काबुक्की केल्याच्या आरोपावरून 14 वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला बडतर्फ केले आणि त्या प्रकरणातील लेखी कैफियत (मालकाचे न्यायालयातील लेखी उत्तर) तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बडतर्फीपूर्वी कंपनीने केलेल्या अंतर्गत चौकशीची फाइल वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आरोपपत्र इंग्रजीत आहे, मराठी प्रत मिळावी असा कामगाराचा अर्ज फाइलमध्येच पडून आहे, आणि ज्या पहारेकऱ्याच्या साक्षीवर सारी भिस्त आहे त्याची उलटतपासणी घेण्याची संधी कामगाराला दिलेलीच नाही. तरीही ‘चौकशी निर्दोष होती’ एवढेच लिहावे, असा कंपनीचा आग्रह आहे. शिवाय वकील म्हणून न्यायालयातील माझ्या हजेरीला युनियन हरकत घेणार आहे. मी काय करावे?

उत्तर (मालकांच्या बाजूने काम करणारे वकील, मुंबई):
हरकतीचा मुद्दा सोपा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली) च्या कलम 36(4) नुसार वकिलाला समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागत. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे हजर राहता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात 1976 मध्येच स्पष्ट केले आहे. संमती मिळाली नाही, तर मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी किंवा कंपनीचा अधिकारी उभा राहील आणि तुम्ही त्याची तयारी करून द्याल.

खरा धोका कैफियतीत आहे. चौकशी योग्य होती की नाही, हा मुद्दा न्यायालय बहुधा आधी ठरवते, आणि तुम्ही सांगता तशी फाइल असेल तर तो तुमच्या विरुद्ध जाण्याचीच शक्यता अधिक आहे. चौकशी सदोष ठरली तरी आरोप न्यायालयापुढे नव्याने पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा मालकाला असते. मात्र ती मागणी कैफियतीतच करून ठेवावी लागते, हे 1983 च्या शंभूनाथ गोयल प्रकरणात ठरले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने (5 न्यायाधीशांच्या पीठाने) बहुमताने कायम ठेवले. कंपनीचे ऐकून तो परिच्छेद गाळलात, तर पुढे पुरावा देण्याचे दारच बंद होऊ शकते. हे कंपनीला तोंडी सांगून थांबू नका, लेखी कळवा.

उत्तर (निवृत्त कार्मिक अधिकारी, नाशिक):
मी अशा अनेक चौकशा जवळून पाहिल्या आहेत. आरोपपत्र कामगाराला समजेल त्या भाषेत देणे आणि त्याला एक तारीख वाढवून देणे यासाठी कारखान्याला आठवडाभरही लागत नाही. पण वकिलाला बोलावले जाते ते बडतर्फीचे पत्र हातात पडल्यानंतर. तुमच्या अशिलाला त्याच 1947 च्या अधिनियमातील कलम 17-ब चा हिशेब मांडून दाखवा. कामगाराला परत घेण्याचा निवाडा झाला आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर तो अन्यत्र नोकरीला नसल्यास तेथील प्रकरण चालेपर्यंत त्याला शेवटचे पूर्ण वेतन द्यावे लागते. दरमहा 28,000 रुपये धरले, तरी 3 वर्षांचे 10,08,000 रुपये होतात, आणि ते परत मिळतील अशी आशा धरू नये.

उत्तर (कामगारांच्या बाजूचे वकील, ठाणे):
मी समोरच्या बाजूला उभा असतो, तरी आपण विचारले याचे मला मनापासून समाधान वाटले. आरोप सिद्ध झाला तरी 14 वर्षांची नोकरी पाहून त्याच अधिनियमाच्या कलम 11-अ खाली न्यायालय शिक्षा कमी करू शकते. दीपाली सुर्वसे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर, बडतर्फी बेकायदेशीर ठरल्यास मागील वेतन हा सामान्य नियम मानला जातो, आणि आपण बेरोजगार होतो असे कामगाराने सांगितले की ते खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर येते. आमच्याकडे तडजोडीचा प्रस्ताव वेळेवर आला, तर कामगाराशी त्याविषयी बोलणे हे माझे कर्तव्यच ठरते. निवाड्यानंतर आलेल्या प्रस्तावाला मात्र तो क्वचितच होकार देतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. एक अडचण राहते. तो पहारेकरी आता नोकरी सोडून गावी गेला आहे.

उत्तर (मालकांच्या बाजूने काम करणारे वकील, मुंबई):
मग कैफियत दाखल करण्यापूर्वी त्याला स्वतः जाऊन भेटा आणि काय पाहिले ते त्याच्याच शब्दांत ऐकून घ्या, त्याला काही पढवू नका. त्याने खरोखर पाहिले असेल, तर पुरावा देण्याची मागणी ठामपणे लिहा. पाहिले नसेल, तर त्याच दिवशी कंपनीला तडजोडीचा लेखी सल्ला द्या.